आयएसए स्कझी कार्ड, साटा कार्ड आणि आयआरक्यू ११: दोन आठवड्यांच्या नोंदी

६ जुलै, शनिवार

काम काय ते आधी लिहितो. माझ्याकडे तीन जुन्या स्कझी डिस्क आहेत (स्कझी म्हणजे एकाच केबलवर ओळीने अनेक डिस्क जोडायची जुनी पद्धत), ५० पिनांच्या, प्रत्येकी २ जीबीच्या आसपास. त्यांच्यावर बारा वर्षांचा सोर्स कोड आणि त्या काळातला सगळा पत्रव्यवहार आहे, आणि दुसरीकडे कुठेही त्याची कॉपी नाही. डिस्क अजून फिरतायत तोवर ते उतरवून घ्यायचंय. ५० पिनांची केबल लागेल असं कार्ड माझ्याकडे एकच, तेही आयएसए, म्हणजे पीसीआयच्या आधीच्या जुन्या स्लॉटचं, सगळं सेटिंग जंपरने, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्यांनी. म्हणून आयएसए आणि पीसीआय दोन्ही स्लॉट असलेला जुना पेंटियम बोर्ड शोधून काढला. १२८ एमबी रॅम, बूट डिस्क आयडीईवर, कॉपी ठेवायला पीसीआयमधे दोन पोर्टचं साटा कार्ड, नव्या डिस्कांसाठीचं. वर ३२ बिट लिनक्स, कर्नल मीच कंपाइल केलेला, लागेल तेवढंच घातलेला.

सगळ्यात आधी डिस्कांवरचे राइट-प्रोटेक्टचे जंपर लावले. तीनपैकी दोन डिस्कांवर होते, तिसरीवर सापडला नाही, तिला फक्त रीड-ओन्लीच हात लावायचा असं ठरवलं. हे पहिल्या दिवशी केलं म्हणून पुढचं सगळं निभावलं.

आज मात्र कार्डच सापडेना. ड्रायव्हर लोड केला की म्हणतो कार्ड नाही. कार्डाचा पोर्ट, म्हणजे प्रोसेसर त्याच्याशी बोलतो तो पत्ता, जंपरने ३३० वर आहे, हेक्समधला ३३०, आणि /प्रोक/आयओपोर्ट्स उघडून बघितलं तर त्याच पत्त्यावर साउंड कार्डाचा मिडी पोर्ट बसलेला. जुनी स्कझी कार्डं आणि एमपीयू-४०१ मिडी दोघांनाही ३३० आवडतो, ही गोष्ट मला एकेकाळी पाठ होती, आज आठवायला दोन तास गेले. पत्ता बदलत बसलो नाही, साउंड कार्डच काढून टाकलं, इथे त्याचं काही काम नाही. पुढच्या बूटला स्कझी कार्ड दिसलं: पोर्ट ३३०, आयआरक्यू ११ (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन; त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात), डीएमए ५ (कार्ड थेट मेमरीत डेटा टाकतं तो मार्ग).

७ जुलै, रविवार

ड्रायव्हर लोड केला, तिन्ही डिस्कांची नावं आली, पहिलीचं पार्टिशन टेबल वाचायला लागला आणि दुसऱ्या सेकंदाला कन्सोलवर हे:

आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड
डिसेबलिंग आयआरक्यू #११

त्यानंतर स्कझी मेली. प्रत्येक कमांडला तीस सेकंदांचा टाइमआउट, मग अबॉर्ट, मग बस रीसेट, आणि पुन्हा तेच.

मी काय केलं, तर तो मेसेज नीट वाचलाच नाही. टाइमआउट आणि बस रीसेट दिसलं की स्कझीवाल्याच्या डोक्यात पहिलं येतं टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या टोकांना लागणारे रोधक, तसंच माझ्या डोक्यात आलं. केबल काढली, दुसरी लावली, प्रत्येक डिस्कचा आयडी परत तपासला, टर्मिनेटर बघितले. आणि गंमत अशी की एक खरीखुरी चूक सापडलीसुद्धा, मधल्या डिस्कचं टर्मिनेशन चालू राहिलं होतं. साखळीच्या फक्त दोन टोकांना टर्मिनेटर हवा, म्हणजे इकडे कार्ड आणि तिकडे शेवटची डिस्क, मधल्यांचं बंद. ते बंद केलं आणि मला खात्रीच वाटली की संपलं काम. बूट केलं तर पुन्हा तोच मेसेज, पुन्हा दुसऱ्याच सेकंदाला.

रविवार पूर्ण गेला. टर्मिनेशनची चूक खरी होती आणि ती काढायलाच हवी होती, पण ती सापडल्यामुळे मी आणखी चार तास केबलमधेच अडकून राहिलो.

९ जुलै, मंगळवार

रात्री दोन तास मिळाले, तेही चुकीच्या दिशेला गेले. लॉग वाचताना एक ओळ दिसली, "स्प्युरियस ८२५९ए इंटरप्ट: आयआरक्यू७", आणि मी ७ च्या मागे लागलो. ७ नंबरची लाइन सहसा प्रिंटर पोर्टाची, म्हणून तो बायोसमधून बंद केला, पुन्हा चालू केला, त्याचा मोड बदलून बघितला.

कुणाला ही ओळ दिसली तर सांगून ठेवतो. ८२५९ म्हणजे सगळ्या लाइनी ऐकून प्रोसेसरला सांगणारी चिप. तिच्याकडे एखादी लाइन क्षणभर उठते आणि प्रोसेसर विचारायला येईपर्यंत खाली बसते, तेव्हा चिपला काहीतरी उत्तर तर द्यावंच लागतं, मग ती ७ सांगते. दुसऱ्या चिपवर असं झालं तर १५. म्हणजे त्या ७ चा प्रिंटर पोर्टाशी संबंध असेलच असं नाही. बूट झाल्यापासून एकदाच आली असेल तर सोडून द्या. सारखी येत असेल तर कुठल्यातरी लाइनवर गडबड आहे एवढंच समजायचं.

१० जुलै, बुधवार

आज तो पहिला मेसेज शांतपणे वाचला. "नोबडी केअर्ड" म्हणजे ११ नंबरची लाइन वाजतेय, कर्नल तिच्यावर नोंदलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतोय की बाबा तुझं आहे का, आणि प्रत्येकजण नाही म्हणतोय. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० च्या वर कुणीच घेतले नाहीत की कर्नल ती लाइन बंद करून टाकतो, नाहीतर प्रोसेसरला दुसरं कामच करता येणार नाही. /प्रोक/इंटरप्ट्समधे ११ समोरचा आकडा बघितला, बरोबर एक लाख, पुढे हलत नाही. /प्रोक/आयआरक्यू/११/स्प्युरियस या फाइलीतही किती आले आणि किती बेवारस गेले ते लिहिलेलं असतं.

एक लाख इंटरप्ट एका सेकंदात! माझी स्कझी डिस्क त्या एका सेकंदात जेमतेम वीसपंचवीस कमांड पुऱ्या करते. म्हणजे हा आरडाओरडा स्कझीचा नाहीच, दुसरंच कुणीतरी आहे.

एलएसपीसीआय (पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड) दोन व्ही देऊन चालवलं आणि इंटरप्टच्या ओळी तेवढ्या बघितल्या. साटा कार्ड: पिन ए, आयआरक्यू ११. बोर्डावरचा यूएसबी कंट्रोलर: तोही ११. नेटवर्क कार्ड १०, ग्राफिक्स ९.

बायोसने पीसीआय कार्डांना लाइनी वाटताना ११ मोकळी आहे असं धरून दिली, कारण जंपरवाल्या आयएसए कार्डाचा त्याला पत्ताच नसतो. असं कार्ड आपण कुठे बसलोय ते कुणाला सांगत नाही. आणि साटा कार्डाचा ड्रायव्हर मी कर्नलमधे घातलाच नव्हता, म्हटलं आधी स्कझी चालू करू, साटाचं नंतर बघू. पण कार्ड स्लॉटमधे बसलेलं, त्याच्या स्वतःच्या रॉमने बूट होताना डिस्क शोधल्या आणि इंटरप्टची लाइन तशीच ओढून ठेवली. जोवर ११ कुणी उघडली नव्हती तोवर कुणाला काही त्रास नव्हता. माझ्या स्कझी ड्रायव्हरने ११ उघडली आणि तो साठलेला आवाज सगळा आत आला.

खात्री करायला साटा कार्ड काढलं, यूएसबी बायोसमधून बंद केली आणि बूट केलं. स्कझी पहिल्या झटक्यात चालू, पाच मिनिटं वाचत बसलो, एक एरर नाही. ही परीक्षा दहा मिनिटांची होती आणि मी ती चौथ्या दिवशी केली. संशय कुठलाही असो, आधी बाकीची कार्डं काढून बघा.

कर्नल स्वतः सुचवतो तो आयआरक्यूपोलचा पर्यायही देऊन बघितला, काही उपयोग झाला नाही. तो पर्याय काय करतो तर एका लाइनवरचा बेवारस इंटरप्ट दुसऱ्या ड्रायव्हरांना विचारून बघतो. इथे ओरडणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हरच नाही तर विचारणार कुणाला.

१३ जुलै, शनिवार

साटाचा ड्रायव्हर घालून कर्नल परत कंपाइल केला. त्याच मशीनवर केला, पाच तास लागले. दुसऱ्या मशीनवर करून फाइल आणायला हवी होती, एवढं साधं सुचलं नाही.

आता साटा आधी लोड होतो, आपल्या कार्डाला गप्प करतो, छान. मग स्कझी लोड करायला गेलो तर:

जेनआयआरक्यू: फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू ११

आणि खाली एरर उणे १६, म्हणजे बिझी. उलट क्रमाने केलं तर स्कझी बसतो आणि साटाला तोच एरर येतो. एका वेळी एकच.

हा एरर म्हणजे खरं तर कर्नल माझ्यावर उपकार करत होता. पीसीआयचे ड्रायव्हर लाइन मागताना सांगतात की मला वाटून घ्यायला चालेल, आयएसएचा ड्रायव्हर असं म्हणत नाही, आणि दोघांचं जमत नसेल तर कर्नल दुसऱ्याला दारातच अडवतो. इथेच थांबून जंपर बदलायला हवा होता. पण स्लॉटमधलं कार्ड बाहेर काढायचं, जंपर शोधायचे, त्यापेक्षा सोर्समधे एक शब्द बदलणं मला सोपं वाटलं. स्कझी ड्रायव्हर जिथे लाइन मागतो तिथे शेअर्डचा फ्लॅग टाकला, फक्त मॉड्यूल कंपाइल केलं, लोड केलं.

दोन्ही बसले. डिस्का दिसल्या, पार्टिशन दिसली, फायलींची यादीसुद्धा आली. मला इतका आनंद झाला की लगेच पहिल्या डिस्कची पूर्ण इमेज साटावर घ्यायला लावली, डीडीला (डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत उतरवणारी कमांड) नोएरर आणि सिंक दोन्ही पर्याय देऊन, म्हणजे मधे कुठे वाचता आलं नाही तरी थांबणार नाही, तेवढ्या जागी शून्य भरून पुढे जाईल. वेग अगदीच कमी होता, थांबत थांबत चालत होतं. म्हटलं जुनी डिस्क आहे, चालू दे रात्रभर, आणि झोपलो.

हा फ्लॅगचा बदल कुणी करू नका. का ते पुढच्या मंगळवारच्या नोंदीत.

१४ जुलै, रविवार

सकाळी उठून बघितलं तर इमेज झालेली, नऊ तासांहून थोडा जास्त वेळ लागला. लॉगमधे टाइमआउट, अबॉर्ट, वाचताना आलेले एरर, पानंच्या पानं. इमेज माउंट होईना. मग इमेजवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं, प्रत्येक प्रश्नाला हो म्हणायला लावून. तासाभराने लॉस्ट अँड फाउंडमधे तीन हजारांहून जास्त तुकडे, नावं नसलेले, आणि मूळ डिरेक्टऱ्यांपैकी अर्ध्या गायब.

ते बघून फार वाईट वाटलं. बारा वर्षं. डिस्क संपली असं समजून तिच्यावर पट्टी चिकटवली, पेनाने "खराब" लिहिलं आणि बाजूला ठेवली.

जे कळायला हवं होतं ते हे. नोएरर आणि सिंक हे पर्याय खरोखर मरायला टेकलेल्या डिस्कसाठी आहेत. डिस्क चांगली आणि कंट्रोलर आजारी असेल तर ते चांगल्या जागेवर शून्य भरतात, आणि इमेजच्या आकारावरून काही कळत नाही, ती बाइटपर्यंत बरोबर असते. आणि अशा इमेजवर एफएससीके म्हणजे त्या शून्यांनाच खरं मानून बाकीचं त्यांना जुळवून घेणं. मूळ डिस्कला राइट-प्रोटेक्टचा जंपर होता म्हणून तिच्यावर काही झालं नाही. तो जंपर नसता आणि मी वैतागून एफएससीके थेट डिस्कवर चालवलं असतं, तर ही नोंद इथेच संपली असती.

१६ जुलै, मंगळवार

आज कोडं सुटलं, तेही योगायोगाने.

दुसरी डिस्क लावून वाचून बघत होतो, तसंच थांबत थांबत. एक कमांड, मग दोनतीन सेकंद गप्प, मग पुन्हा थोडं. तेवढ्यात दुसऱ्या कन्सोलवर साटा डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलीचा चेकसम (तिच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ताळ्याचा आकडा) काढायला लावला, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, नुसतं वेळ होता म्हणून. आणि स्कझी पळायला लागली! चेकसम संपला तशी पुन्हा गप्प. मला वाटलं भास आहे, म्हणून पाच वेळा करून बघितलं. साटावर वाचन चालू असेल तर स्कझी जवळपास पूर्ण वेगाने, साटा थांबली की स्कझी थांबते.

दोन डिस्क एकाच वेळी चालवल्या तर दोन्ही थोड्या मंदावायला हव्यात. एक चालवल्यामुळे दुसरी वेगाने चालायला लागली, तर त्याचा अर्थ एकच, दुसरीला पहिलीचे इंटरप्ट मिळतायत.

होतं काय ते असं. पीसीआयची इंटरप्ट लाइन लेव्हलवर चालते, कार्डाने ती खाली ओढून धरायची आणि काम झालं की सोडायची, त्यामुळे चार कार्डं एकच लाइन वापरू शकतात, जोवर एकतरी ओढून धरतंय तोवर ती खालीच. आयएसएचं वेगळं, तिथे लाइन वर जाते तो क्षण महत्त्वाचा, एज म्हणतात तो, आणि ती लाइन एकाच कार्डाची असते. बायोसने ११ पीसीआयला दिली तेव्हा चिपसेटला सांगितलं की ११ आता लेव्हल. माझ्या बोर्डाचा चिपसेट त्याबरोबर आयएसए स्लॉटकडून येणारी ११ ऐकायचीच बंद करतो. म्हणजे माझं स्कझी कार्ड काम पूर्ण करून, डेटा मेमरीत टाकून, लाइन उचलून बसलेलं असतं आणि ते कुणाच्या कानावर जात नाही.

मग थोडंफार तरी कसं चालत होतं? तर माझ्या त्या शेअर्ड फ्लॅगमुळे. साटाचा इंटरप्ट आला की कर्नल ११ वरच्या सगळ्या ड्रायव्हरांना विचारतो, त्यात स्कझीचा ड्रायव्हरही येतो, तो आपल्या कार्डाकडे बघतो, अरे काम तर झालंय, आणि पुढची कमांड देतो. इमेज लिहिताना फाइल सिस्टिम दर काही सेकंदांनी साटावर काहीतरी लिहायची, तेवढ्यावर स्कझी पुढे सरकत होती. साधारण सेकंदाला एक कमांड, ६४ केबीची. २ जीबीच्या डिस्कला अशा जवळपास तेहतीस हजार कमांड लागतात, म्हणजे नऊ तास. हिशोब बरोब्बर जमला. आणि कधी साटावर तीस सेकंद काहीच लिहायचं नसलं की टाइमआउट, आणि त्या जागी शून्य.

म्हणजे डिस्क खराब नव्हतीच. ती प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत होती.

ज्यांना आपल्या मशीनवर तपासायचंय त्यांच्यासाठी: कुठली लाइन एज आणि कुठली लेव्हल हे चिपसेटच्या दोन पोर्टांत असतं, हेक्समधे ४डी० आणि ४डी१. पहिल्यात ० ते ७, दुसऱ्यात ८ ते १५, प्रत्येक लाइनला एक बिट, १ असेल तर लेव्हल. /डेव्ह/पोर्ट फाइलीतून डीडीने एक बाइट वाचायचा, ४डी१ साठी स्किप १२३३. फक्त वाचा, तिथे लिहू नका. माझ्याकडे उत्तर आलं ०ई. शेवटचे चार बिट १११०, म्हणजे ९, १० आणि ११ तिन्ही लेव्हल. आयएसए कार्डाला यातली कुठलीच चालणार नाही.

२० जुलै, शनिवार

पहिलं काम, स्कझी ड्रायव्हर मूळ होता तसा परत आणला.

आता कार्डाला कुठली लाइन द्यायची. कार्डावर छापलंय ९, १०, ११, १२, १४, १५. यातल्या १४ आणि १५ बोर्डावरच्या आयडीईच्या, त्या सोडल्या. ९ वर ग्राफिक्स, १० वर नेटवर्क, ११ वर साटा आणि यूएसबी. उरली १२, पीएस/२ माउसची, आणि माउस मी लावलेला नाही. जंपर १२ वर केला आणि पुन्हा बिझी. /प्रोक/इंटरप्ट्समधे १२ समोर आय८०४२ लिहिलेलं. कीबोर्ड कंट्रोलरमधला माउसचा भाग बोर्डावर असतोच आणि कर्नल त्याची लाइन आधीच घेऊन ठेवतो, माउस जोडलेला असो नसो. बूट करताना आय८०४२ ला नोऑक्स सांगून ती सोडवता येते, पण मला पुढे कधी माउस लावावासा वाटला तर पुन्हा हेच, म्हणून नको म्हटलं.

मधे एक प्रयत्न केला, साटा कार्ड दुसऱ्या स्लॉटमधे हलवायचा. पीसीआय कार्ड कुठली लाइन घेणार हे स्लॉटवर ठरतं, कारण चार लाइनी प्रत्येक स्लॉटला एकेक घर पुढे सरकवून जोडलेल्या असतात. तिसऱ्या स्लॉटमधे साटाला ९ मिळाली, ग्राफिक्सबरोबर. पण यूएसबी बोर्डावरच आहे, ती ११ सोडत नाही, आणि ती चालू आहे तोवर ११ लेव्हलच राहणार. म्हणजे स्कझीला काही फायदा नाही. कार्ड परत होतं तिथे आणलं, एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नव्हत्या.

मग १०. जंपर १० वर केला, बायोसमधे गेलो, पीएनपी (प्लग अँड प्ले) आणि पीसीआयचं पान. रिसोर्सेस ऑटोवरून मॅन्युअल केले, १० समोर "लेगसी आयएसए" निवडलं, डीएमए ५ समोरही तेच. "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड" नो वर ठेवलं, म्हणजे बायोसच सगळ्यांना लाइनी देईल. सेव्ह, बूट.

नेटवर्क कार्ड अजून १० वरच! ४डी१ अजून ०ई!

इथे पाऊण तास गेला. बायोस मागच्या वेळचं वाटप स्वतःकडे लिहून ठेवतो, ईएससीडी म्हणतात त्याला, आणि माझा बायोस नवं सेटिंग बघायच्या आधी ती जुनी चिठ्ठीच वाचत होता. त्याच पानावर "रीसेट कॉन्फिगरेशन डेटा" असतं, ते येस करून सेव्ह करायचं, पुढच्या बूटला तो सगळं नव्याने वाटतो आणि ते सेटिंग आपोआप परत नो होतं. ते केल्यावर नेटवर्क ११ वर गेलं, साटा आणि यूएसबीच्या जोडीला. तिघेही पीसीआय, तिघांनाही वाटून घेता येतं, ११ वर तीन असले तरी चालतात.

४डी१ वाचला: ०ए. शेवटचे बिट १०१०, म्हणजे ११ आणि ९ लेव्हल, १० एज. हे बघून जीवात जीव आला.

स्कझी लोड केला, न बदललेला मूळ ड्रायव्हर. काही तक्रार नाही. /प्रोक/इंटरप्ट्स वॉचखाली ठेवलं, १० चा आकडा डिस्क वाचताना वाढतो आणि वाचन थांबलं की थांबतो. ११ चा साटा चालली की वाढतो. दोन्ही आकडे आपापल्या कामाने हलतायत. मुद्दाम दोन्ही डिस्क अर्धा तास एकदम चालवल्या, /प्रोक/आयआरक्यू/१०/स्प्युरियसमधे बेवारस शून्य.

फ्रीबीएसडीवर कुणी हेच करत असेल तर तिथे व्हीएमस्टॅटला आय पर्याय दिला की हेच आकडे मिळतात, आणि लाइन ओरडत असेल तर कन्सोलवर "इंटरप्ट स्टॉर्म डिटेक्टेड" असं येतं. जंपर, बायोस आणि ४डी१ चं प्रकरण सगळीकडे सारखंच, ते बोर्डाचं आहे, सिस्टिम कुठलीही असो.

एक मात्र, नवीन बोर्ड असेल, एपिक (८२५९ च्या जागी आलेली नवी इंटरप्ट व्यवस्था) असलेला, तर पंधराच्या पुढेही लाइनी असतात आणि पीसीआय कार्डं सहसा तिकडे जातात, मग ही मारामारी होत नाही. आणि एमएसआय वापरणाऱ्या, म्हणजे ठरावीक पत्त्यावर लिहून इंटरप्ट देणाऱ्या कार्डांना तर लाइनच लागत नाही. पण आयएसए स्लॉट असलेल्या बोर्डांवर बहुतेक वेळा सगळं या पंधरांतच बसवायचं असतं.

२१ जुलै, रविवार

"खराब" लिहिलेली डिस्क पहिली लावली.

यावेळी डीडीला नोएरर नाही, सिंक नाही. एक जरी एरर आला तरी थांबायला हवं, म्हणजे मला कळेल. १९ मिनिटांत पूर्ण डिस्क उतरली, सेकंदाला १.८ एमबीच्या आसपास, आयएसए कार्डाला हा वेग ठीकच आहे. लॉगमधे एक ओळ नाही. लगेच दुसऱ्यांदा वाचली, नुसता चेकसम काढायला. दोन्ही चेकसम सारखे. इमेज रीड-ओन्ली माउंट केली, एफएससीकेला एन पर्याय देऊन फक्त तपासायला लावलं, काही लिहायचं नाही. साफ. सगळ्या डिरेक्टऱ्या जागच्या जागी, तारखांसकट.

दुसरी डिस्कही तशीच, दोन वाचनं, चेकसम जुळले. तिसरी, जिला राइट-प्रोटेक्ट नव्हता, तिच्यात एका जागी खरा मीडियम एरर निघाला. यावेळी ओळखू आला, कारण डिस्क स्वतः सेन्स डेटामधे, म्हणजे एररसोबत पाठवलेल्या तपशिलात, सांगतेय की अमुक ब्लॉक वाचता येत नाही, आणि ते उत्तर लगेच येतं, तीस सेकंद थांबून नाही. टाइमआउट असेल तर उत्तर आलंच नाही, मीडियम एरर असेल तर उत्तर आलं आणि ते वाईट आहे, हा फरक मला चौदा तारखेच्या लॉगमधेच दिसायला हवा होता, तिथे सगळे टाइमआउटच होते. ती डिस्क डीडीरेस्क्यूने (न वाचलेल्या जागा पुन्हा पुन्हा वाचून बघणारा प्रोग्रॅम) घेतली, तीन वेळा प्रयत्न करून शेवटी ८ सेक्टर वाचायचे राहिलेच, ते कुठल्या फाइलीत येतात बघितलं तर एका जुन्या लॉगच्या मधे.

वेळेचा हिशोब, ज्यांना अंदाज हवाय त्यांच्यासाठी: सगळं मिळून ४६ तास, त्यातले केबल आणि टर्मिनेटरवर नऊ, आयआरक्यू ७ वर दोन, कर्नल कंपाइल पाच, खोट्या इमेजवर आणि तिच्या एफएससीकेवर दहा. जंपर, बायोस आणि ईएससीडी मिळून दोन तास.

तिन्ही इमेज साटा डिस्कवर आणि आणखी एका डिस्कवर ठेवल्या, चेकसमची फाइल सोबत. स्कझी कार्डाला एक चिठ्ठी बांधली: पोर्ट ३३०, आयआरक्यू १०, डीएमए ५, बायोसमधे १० लेगसी. मग पहिल्या डिस्कवरची ती पट्टी काढली. गोंद घट्ट होता, नखाने खरवडून काढावी लागली.